नाद आणि वास्तू

न्यायालयात खटल्याचे जे काम चालते त्याला आपल्या भाषेत ‘सुनावणी’ असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. न्याय देणाऱ्याने प्रथम ऐकले पाहिजे, आणि दाद मागणाऱ्याचा शब्द न्यायासनापर्यंत स्पष्टपणे पोहोचला पाहिजे, हा सारा विचार त्या एका शब्दात सामावला आहे. ‘बैठक’ हा शब्दही असाच बोलका. बसण्याची जागा ती बैठक, आणि त्या जागी होणारे गाणे तीही बैठकच. ध्वनी आणि त्याची जागा यांची फारकत आपल्या भाषेने कधी केली नाही. ती फारकत यंत्राने केली, आणि ती भरून काढण्याचा खटाटोपही गेली शंभराहून अधिक वर्षे यंत्रच करीत आले आहे. आज ज्याला ‘इमर्सिव्ह ऑडिओ’ म्हणतात, म्हणजे श्रोत्याला समोरून, मागून, बाजूंनी आणि डोक्यावरून वेढणारा ध्वनी, तो या खटाटोपाचा सर्वांत अलीकडचा टप्पा होय. त्याचा इतिहास सांगताना मी आपणांस चंडीगड शहरात नेणार आहे. संगीताच्या संदर्भात हे नाव ऐकून काहींना नवल वाटेल. परंतु ध्वनी आणि वास्तू यांचे नाते त्या शहराइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे पाहावयास मिळते.

चंडीगडचा जन्म एका वियोगातून झाला. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि पंजाबची राजधानी लाहोर सीमेपलीकडे गेली. मराठी संगीतरसिकांना लाहोर परके नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी आपले पहिले गांधर्व महाविद्यालय ५ मे १९०१ रोजी स्थापन केले ते लाहोरातच. कुरुंदवाडच्या या सुपुत्राने घराण्यांच्या आणि दरबारांच्या बंदिस्त दालनांतले गाणे शिस्तबद्ध शिक्षणाच्या मार्गाने सामान्य गृहस्थाच्या दारी नेले. त्या लाहोरची उणीव भरून काढण्यासाठी शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नवे शहर वसविण्याचे ठरले. अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर आणि त्याचा सहकारी मॅथ्यू नोविकी यांनी आरंभीचा आराखडा केला. परंतु १९५० साली विमान अपघातात नोविकीचा अंत झाला आणि काम पॅरिसच्या ल कॉर्बुझिए याच्याकडे आले. १९५१ साली तो येथे आला. पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू हे त्याचे सहकारी.

कॅपिटॉलच्या इमारतींपैकी उच्च न्यायालय प्रथम उभे राहिले. १९५५ साली त्याचे उद्घाटन झाले. उंच दालने, उघडे काँक्रीट, भव्य छत्र. डोळ्यांना ही रचना भारून टाकणारी होती; कानांचा प्रश्न मात्र वेगळा होता. काँक्रीट ध्वनी गिळत नाही, जवळजवळ सगळाच परत फेकते. अशा दालनात वकिलाने उच्चारलेला शब्द विरण्यापूर्वीच पुढचा शब्द त्यावर येऊन आदळतो आणि दोन्ही अस्पष्ट होतात. सुनावणीच्या जागी ऐकूच येऊ नये, याहून मोठी विसंगती कोणती? ल कॉर्बुझिएने यावर उपाय योजला तो विणलेल्या भित्तिचित्रांचा. न्यायासनामागची भिंत व्यापणारे लोकरीचे नऊ प्रचंड पट त्याने रेखाटले. मुख्य न्यायमूर्तींच्या दालनासाठी १४४ चौरस मीटरचा एक, आणि इतर आठ दालनांसाठी प्रत्येकी ६४ चौरस मीटरचा एकेक. काश्मीरच्या विणकरांनी ते विणले. काही न्यायाधीशांना ती चित्रे रुचली नाहीत आणि त्यावरून वादही झाला. परंतु पाहणाऱ्याला जे केवळ रंग वाटत होते ते वस्तुतः ध्वनीला आवर घालण्याचे साधन होते.

या युक्तीमागचे शास्त्र त्याआधी अर्धशतकापूर्वी सिद्ध झाले होते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एक नवे व्याख्यानगृह बांधले गेले आणि तेथे व्याख्यात्याचे बोलणे कोणाला समजेना. १८९५ साली वॉलेस सबाइन या तरुण अध्यापकाकडे ही तक्रार सोपविण्यात आली. त्याने रात्रीच्या शांततेत शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून खोलीत मांडल्या, ऑर्गनच्या नळीचा सूर काढला, आणि तो विरावयास किती सेकंद लागतात ते मोजले. गाद्या वाढविल्या की काळ घटे. ध्वनी थांबल्यावर मागे रेंगाळणाऱ्या या नादाला आपण निनाद म्हणतो. खोली जितकी मोठी तितका निनाद दीर्घ, आणि ध्वनी शोषणारे पृष्ठभाग जितके अधिक तितका तो अल्प, असा सरळ नियम सबाइनला सापडला. १९०० साली उघडलेले बोस्टनचे सिंफनी हॉल त्याच्या सल्ल्याने बांधले गेले. चंडीगडचे लोकरीचे पट हे सबाइनच्या गाद्यांचे वंशज होत.

उच्च न्यायालयासमोर, विस्तीर्ण फरसबंदीच्या पलीकडे, विधानभवन आहे. त्याच्या छपरातून एक अजस्र मनोरा वर निघालेला दिसतो. अहमदाबादेच्या वीजकेंद्रातील पाणी थंड करणारे मनोरे पाहून ल कॉर्बुझिएला हा आकार सुचला. तळाशी सुमारे ४० मीटर व्यास, उंची सुमारे ३८ मीटर, आणि कवचाची जाडी सरासरी अवघी १५ सेंटिमीटर. विधानसभा भरते ती या मनोऱ्याच्या पोटात. आता गोलाकार भिंत हा ध्वनीच्या दृष्टीने मोठा बिकट प्रकार आहे, हे सोलापुरापलीकडे विजापूरला जाऊन आलेल्या कोणाही मराठी माणसास ठाऊक असते. १६५६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या गोल घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर, म्हणजे जवळजवळ या सभागृहाएवढाच. तेथे सज्जात एका टोकाला पुटपुटलेला शब्द समोरच्या टोकाला ऐकू येतो, आणि एक टाळी अनेक टाळ्या होऊन परतते.

हे का घडते त्याचा हिशेब सोपा आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मध्यभागी उभ्या असलेल्या माणसाचा आवाज १९ मीटर दूरच्या भिंतीवर आदळून परत येईपर्यंत ३८ मीटर प्रवास करतो. त्यास सेकंदाचा सुमारे नववा भाग लागतो. सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक अंतराने परतलेला ध्वनी कान वेगळा म्हणून ओळखतो आणि आपण त्याला प्रतिध्वनी म्हणतो. भिंत गोल असल्यामुळे हा परतणारा ध्वनी पांगत नाही, एकवटून येतो. मकबऱ्यात ही मौज आहे. लोकप्रतिनिधींच्या सभेत हीच आपत्ती ठरेल. म्हणून चंडीगडच्या सभागृहात आतल्या भिंतीवर निरनिराळ्या रंगांचे, ढगांसारख्या मुक्त आकारांचे ध्वनिशोषक फलक बसविले गेले. विजापूरने ध्वनीला मोकाट सोडले. चंडीगडला त्यास वेसण घालावी लागली. परंतु दोन्ही ठिकाणांचा धडा एकच आहे. आपण केवळ आवाज ऐकत नाही. आवाजाबरोबर त्याचे घरही ऐकतो.

हे घर कान ओळखतो तरी कसे? दोन कानांमध्ये जेमतेम वीतभर अंतर. उजवीकडून येणारा ध्वनी उजव्या कानी किंचित आधी पोहोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. शिवाय डोक्याची आडकाठी झाल्याने उंच स्वर डाव्या कानी क्षीण होऊन येतात. वेळेचा फरक आणि जोराचा फरक, या दोन खुणांची संगती इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले याने १९०७ साली लावून दिली. समोर, मागे आणि वर हा भेद मुख्यत्वे कानाच्या पाळीच्या घड्या करतात, आणि मान किंचित वळवली की उरलेला संशय फिटतो. परतून येणारे ध्वनी खोलीचा आकार सांगतात. एवढे सगळे गणित आपला मेंदू जन्मभर विनातक्रार करीत असतो.

ध्वनिमुद्रणाने या गणितातले आकडेच पुसून टाकले. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान कर्ण्यात तोंड घालून गायली, तेव्हा तबकडीवर तिचा आवाज उमटला. ती खोली, ती माणसे, ती अंतरे काही उमटली नाही. सगळे एका छिद्रातून आत गेले आणि एकाच छिद्रातून बाहेर आले. वास्तविक त्याआधी, १८८१ साली, पॅरिसच्या विद्युत्प्रदर्शनात क्लेमां आदेर याने ऑपेराचे गायन टेलिफोनच्या तारांनी दोन्ही कानांना वेगवेगळे ऐकविले होते, आणि गायक रंगमंचावर कोणत्या बाजूस आहे हे श्रोत्यांना कळले होते. पण ते कौतुकापुरतेच राहिले. १९३१ साली लंडनच्या ॲलन ब्लूमलाइनने दोन मार्गांनी ध्वनी मुद्रित करण्याच्या पद्धतीचे पेटंट मागितले. चित्रपटात नट पडद्यावर इकडून तिकडे जातो आणि त्याचा आवाज मात्र एकाच जागी खिळून राहतो, ही गोष्ट त्याला खटकली होती असे सांगतात. १९३३ साली फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तीन स्वतंत्र तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकविण्यात आला. त्या वेळी प्रख्यात संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की वाद्यवृंदापुढे उभा नव्हता. तो वॉशिंग्टनला बसून ध्वनीचे नियंत्रण करीत होता. मिक्सिंग हे संगीतकाराचेही काम आहे, याची ती पहिली ठळक खूण म्हणावी लागेल. स्टिरिओ तबकड्या सर्वसामान्यांच्या हाती पडावयास मात्र १९५८ साल उजाडले.

त्याच १९५८ साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात जे घडले त्याचा धागा थेट चंडीगडच्या नकाशांशी जुळतो. फिलिप्स कंपनीने ल कॉर्बुझिएकडे एका मंडपाची मागणी केली होती. आपण मंडप नव्हे, एक इलेक्ट्रॉनिक काव्य देऊ, आणि ते साठवणारे पात्रही देऊ, असे त्याने सुचविले. पण तो स्वतः चंडीगडच्या कामात गुंतलेला. मंडपाची रचना त्याच्या कचेरीतील यानिस झेनाकिस याच्यावर येऊन पडली. झेनाकिस हा ग्रीसमधून परागंदा झालेला स्थापत्यविशारद. १९४७ पासून तो त्या कचेरीत होता, चंडीगडच्या इमारतींवरही त्याने काम केले होते, आणि विशेष म्हणजे तो संगीतकार होता. चंडीगडच्या मनोऱ्याचा पृष्ठभाग आणि ब्रुसेल्सच्या मंडपाच्या पिळदार भिंती ही एकाच भूमितीच्या कुळातली भावंडे आहेत. दोन्ही वक्र, पण सरळ रेषांनी रेखता येणारे. मंडपात समोरासमोर समांतर भिंतीच नसल्याने ध्वनी दोन भिंतींत अडकून घुमत राहण्याचा दोषही टळत होता.

त्या मंडपासाठी एडगार व्हारेझ याने आठ मिनिटांची रचना केली. आत तीनशेहून अधिक ध्वनिवर्धक भिंतींच्या वळणांवर माळेसारखे लावले होते. तीन मार्गांच्या फितीवर संगीत होते, आणि दुसऱ्या एका फितीवर, कोणता ध्वनी कोणत्या क्षणी कोणत्या ध्वनिवर्धकाकडे जावा याच्या आज्ञा होत्या. ध्वनी भिंतीवरून चढे, माथ्यावरून वळे, श्रोत्यांच्या पाठीमागे उतरे. आवाज एका फितीवर आणि त्याच्या मार्गाचा हुकूम दुसरीवर, ही विभागणी ध्यानात ठेवावी, कारण आजची सारी पद्धती याच कल्पनेवर उभी आहे.

मधल्या काळात पुष्कळ प्रयोग झाले. १९७० च्या दशकात चार कोपऱ्यांत चार ध्वनिवर्धक ठेवण्याची पद्धत बाजारात आली आणि टिकली नाही. त्याच सुमारास इंग्लंडात मायकेल गर्झन आणि इतरांनी एका बिंदूभोवतीचे संपूर्ण ध्वनिक्षेत्र टिपण्याची पद्धत बसविली. १९९० च्या दशकात चित्रपटगृहांत पाच बाजू आणि एक मंद्र, असा ध्वनी रुळला. २०१२ साली डॉल्बी ॲटमॉस ही पद्धत चित्रपटांसाठी आली. तीत १२८ पर्यंत ध्वनिमार्ग ठेवता येतात आणि त्यांतील बहुतेकांना स्वतःचे स्थान देता येते. २०१९ पासून संगीतही या पद्धतीने प्रसिद्ध होऊ लागले, आणि २०२१ साली ॲपलच्या संगीतसेवेने ते घरोघरच्या श्रोत्यांपर्यंत नेले.

यातली मुख्य क्रांती ध्वनिवर्धकांच्या संख्येत नाही. पूर्वी मिक्सिंग करणारा ठरवीत असे की हा सूर डाव्या ध्वनिवर्धकात इतका आणि उजव्यात इतका. आता तो ठरवितो की हा सूर अमुक दिशेला, अमुक उंचीवर असावा. तेथे तो कसा पोहोचवावयाचा याचा हिशेब श्रोत्याच्या घरचे यंत्र करते. घरी बारा ध्वनिवर्धक असोत, दोन असोत वा केवळ इअरफोन असोत, प्रत्येक ठिकाणी यंत्र आपल्या शक्तीप्रमाणे तो आकार उभा करते. म्हणजे पूर्वी बांधलेले घर पाठवीत असत, आता नकाशा पाठवितात. इअरफोनवर हे काम अधिक कठीण, कारण दोन कानांतले सूक्ष्म फरक कृत्रिमपणे निर्माण करावे लागतात, आणि प्रत्येकाच्या कानाची ठेवण निराळी. सरासरी कानासाठी केलेला हिशेब एखाद्याला बरोबर बसतो, तर दुसऱ्याला समोरचा गायक डोक्यातच बसून गातो असे वाटते. मान वळविल्याची नोंद घेणारे इअरफोन हा दोष काहीसा कमी करतात.

आता खरा प्रश्न. ही शक्ती हाती आल्यावर तिचे करावयाचे काय? तबल्याचा प्रत्येक बोल श्रोत्याच्या डोक्याभोवती फिरविता येतो, म्हणून तो फिरवावा काय? माझ्या मते याचे उत्तर संगीताच्या प्रकारातच असते. ख्यालाची बैठक ही समोरची कला आहे. गायक समोर, एका अंगास तबला, दुसऱ्या अंगास पेटी वा सारंगी, मागे दोन तंबोरे. येथे वेढणाऱ्या ध्वनीचे काम एवढेच की तंबोऱ्यांचा नाद गायकामागे मोकळा पसरावा, दालनाचा निनाद बाजूंनी आणि माथ्यावरून यावा, आणि समेवर उमटणारी दाद आपल्या शेजारून उठावी. दोन ध्वनिवर्धकांत दाटीवाटीने कोंबलेले सूर एकमेकांस झाकतात आणि मग मिक्सिंग करणाऱ्यास एकाचे अंग कापून दुसऱ्याला वाट द्यावी लागते. प्रशस्त जागा मिळाली की ही कापाकापी कमी होते. हा खरा लाभ. याउलट पंढरीच्या वाटेवरची दिंडी घ्या. तेथे श्रोता समोर बसलेला नाही, तो आत चालतो आहे. दोन्ही बाजूंना टाळकरी, मध्ये मृदंग, पुढे विणेकरी, मागून चढत येणारा अभंग. दिंडीला समोरची बाजूच नाही. आजवरच्या ध्वनिमुद्रणांनी तिला जबरदस्तीने एका चौकटीत बसविले. तिला खरा न्याय या नव्या पद्धतीतच मिळू शकेल. ख्याल दिंडीसारखा ऐकविणे हा जितका अपराध, तितकाच दिंडी ख्यालासारखी ऐकविणे हाही.

आणखी एक गोष्ट निकडीची आहे. ब्रुसेल्सचा तो मंडप १९५९ च्या आरंभी पाडण्यात आला. व्हारेझची रचना उरली, पण पुढची अनेक दशके ती दोन ध्वनिवर्धकांतूनच ऐकावी लागली. तिचे घर गेले होते. पुढे युरोपातील संशोधकांनी जुने नकाशे आणि जुन्या आज्ञा शोधून संगणकावर त्या मंडपाचा आभास पुन्हा उभा केला. नकाशे जपलेले होते म्हणूनच हे शक्य झाले. आपल्याकडे काय जपले आहे? पलुसकरांच्या लाहोरातील दालनात तंबोरा कसा घुमत असे हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण गावोगावची जुनी नाट्यगृहे, वाड्यांचे चौक, कीर्तनाचे सभामंडप अद्याप उभे आहेत. त्यांतले पुष्कळ फार दिवस उभे राहणार नाहीत. रिकाम्या दालनात एक फुगा फोडून त्याचा निनाद चहूदिशांनी मुद्रित केला, तर त्या वास्तूची ध्वनिमुद्रा कायमची हाती राहते, आणि पुढे कोणताही आवाज त्या वास्तूत ठेवून ऐकता येतो. यास फार मोठ्या खर्चाची गरज नाही. वेळीच सुचले मात्र पाहिजे.

२०१६ साली चंडीगडच्या कॅपिटॉलला जागतिक वारशात स्थान मिळाले. त्या वारशात काँक्रीट आहे, भूमिती आहे, चित्रे आहेत. माझी विनंती एवढीच की वास्तूंच्या वारशाची यादी करताना डोळ्यांबरोबर कानांचीही साक्ष घ्यावी. तिचीही सुनावणी व्हावी.